दुसऱ्या बाळंतपणाचा एकपानी कागद

मला दुसरं मूल हवं होतं आणि दुसरं बाळंतपण नको होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि त्यातून वाट निघेपर्यंत आमची थोरली चुरुचुरु बोलायला लागली होती.

पहिल्या वेळी ४१ आठवडे झाले तरी कळा येईनात म्हणून दाखल करून घेतलं. आधी जेल ठेवलं, मग पाण्याची पिशवी फोडली, मग ड्रिप लावली. कळा आल्या त्या पोटात कमी आणि कमरेत जास्त. दोन कळांच्या मध्ये जरा दम खायला मिळतो म्हणतात, पण माझी कंबर मधल्या वेळातही सुटत नव्हती. बाळाची पाठ माझ्या पाठीला लागून होती आणि चेहरा वरच्या बाजूला, हे मला खूप नंतर कळलं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मग जोर लावणं सुरू झालं, ते काही संपेना. बाळाचं डोकं ओढून काढायला व्हॅक्यूमचा कप लावून पाहिला, तो निसटला. बाळाचे ठोके उतरायला लागले आणि मला धावतपळत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. मुलगी लगेच रडली, वजन चांगलं भरलं. आई आणि बाळ दोघी सुखरूप. हे एकदा जाहीर झालं की पुढे कुणाला काही विचारायची सोय उरत नाही.

कळांची तीव्रता विसरायला होते म्हणतात ते माझ्या बाबतीत बऱ्यापैकी खरं ठरलं. डोक्यातून गेलं नाही ते वेगळंच. कुणीतरी यायचं, हातमोजा चढवायचं, कळ चालू असतानाच आतून तपासायचं, माझ्या अंगावरून पलीकडच्या माणसाला एक आकडा सांगायचं आणि निघून जायचं. त्यांची नावं मला माहीत नव्हती. आकडा चांगला की वाईट, तेही माहीत नव्हतं. शेवटी "हिला आत घ्या" असं कुणीतरी म्हणालं, ते माझ्याबद्दल होतं, पण मला उद्देशून नव्हतं.

दुसऱ्याचा विषय निघाला की माझे तळहात ओले व्हायचे. पाळी दोन दिवस पुढे गेली तर झोप उडायची, आणि आली की रडू यायचं, म्हणजे दोन्हीकडून मार. ओळखीतल्या कुणाचं बाळ बघायला दवाखान्यात जायचं टाळायला लागले, कारण मॉनिटरच्या त्या टकटक आवाजाने पोटात गोळा यायचा. आईचं म्हणणं, सगळ्यांना होतं असं, दुसरं सोपं जातं. तिचं दुसरं खरंच सोपं गेलं होतं, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. प्रसूतीच्या अशा टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात आणि पहिल्या वाईट अनुभवानंतर ती नव्याने उद्भवू शकते, हे तिथे समजलं. नाव कळून भीती कमी झाली नाही, पण आपण नाटकी आहोत ही शंका गेली. त्यांनी मला पहिल्या प्रसूतीची हकीकत क्रमवार लिहायला लावली. कळा सुरू झाल्यापासून मुलगी हातात येईपर्यंत. मी लिहायला बसले आणि लक्षात आलं की मधले तुकडेच्या तुकडे गायब आहेत. व्हॅक्यूमनंतर काय झालं? थिएटरच्या टेबलावर भूल दिल्यावर खालच्या बाजूला कुणीतरी उभं होतं, दाब जाणवत होता, पोट तर वरून कापत होते. मग खाली काय करत होते? हा प्रश्न इतकी वर्षं मी कुणालाच विचारला नव्हता, विचारायला लाज वाटत होती.

म्हणून फाइल मागितली. डिस्चार्ज कार्ड आपल्याकडे असतंच, पण त्यावर सगळं चार ओळींत उरकलेलं असतं. खरी माहिती आतल्या कागदांत असते: कळांची नोंद, कोणत्या वेळी तोंड किती उघडलं होतं, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, आणि ऑपरेशनची नोंद. अर्ज करून, थोडं मागे लागून झेरॉक्स मिळाल्या. माझा सल्ला विचाराल तर दुसऱ्याचा विचार करणाऱ्या, पहिल्या वेळी अडलेल्या प्रत्येकीने हे कागद मिळवावेत, आणि एकटीने वाचत बसू नये.

मी आणि नवरा ते घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी ऑपरेशनच्या नोंदीवर बोट ठेवून एकेक ओळ सांगितली. गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद. डोकं खाली खोल अडकलेलं, सहायकाने खालून हात घालून ते वर ढकललं. बाळ काढताना छेद डाव्या बाजूला थोडा पुढे फाटला, तो वेगळा शिवला. रक्तस्राव जास्त, पण रक्त द्यावं लागलं नाही.

खालून हात घालून डोकं वर ढकललं. बस, एवढंच होतं ते. तोंड पूर्ण उघडल्यानंतर, डोकं खाली उतरलेलं असताना सिझेरियन करावं लागलं तर कधी कधी असं करावं लागतं, मॅडम अगदी सहज म्हणाल्या. त्या दिवशी हे एक वाक्य कुणी माझ्या कानाशी बोललं असतं तर! नवरा मात्र तेव्हा वेगळ्याच ओळीकडे बघत होता, संमतीच्या कागदावरच्या स्वतःच्या सहीकडे. त्याचं बाळंतपण म्हणजे दाराबाहेर उभं राहून ती सही करणं. पुढे आमचे जे खटके उडाले ते समजून घ्यायचे तर ही सही लक्षात ठेवावी लागते.

मॅडमना त्या नोंदीतून एकच गोष्ट आधी पक्की करायची होती: छेद वरच्या दिशेने, गर्भाशयाच्या जाड स्नायूत गेला होता का? उभा छेद असेल, किंवा आडव्या छेदाला मधून वर फाटा दिलेला असेल, उलट्या टी अक्षरासारखा, तर पुन्हा कळा घेऊ देत नाहीत. कळांच्या जोराने टाका उसवण्याचा धोका त्यात फार वाढतो. माझा छेद बाजूला फाटला होता, वर नाही. म्हणजे दोन्ही रस्ते उघडे होते: सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न, किंवा ठरवून दुसरं सिझेरियन. पोटावरच्या व्रणावरून यातलं काही कळत नाही. बाहेरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद वेगळा असू शकतो, त्यासाठी कागदच लागतो.

"एकदा सिझेर झालं की पुढचं सिझेरच" हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मॅडम म्हणाल्या, ही म्हण शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी ती लिहिली, तेव्हा छेद उभा आणि वरच्या भागात घेत असत. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागातला आडवा छेद रुजवला आणि गणित बदललं. म्हण मात्र टिकून राहिली.

आता आकडे. ब्रिटनच्या स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार एका सिझेरियननंतर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. आधी एकदा तरी तशी झालेली असेल तर ८५ ते ९०. ऐकून मी हरखले. मग मॅडमनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांचं मिळून झालं. पहिलं सिझेरियन कशासाठी झालं, त्यावर आकडा बदलतो." बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर ८४ टक्के, कळा पुढे सरकल्या नाहीत म्हणून झालं असेल तर ६४. मी दुसऱ्या गटातली. टाका उसवण्याचा धोका, कळा आपणहून आल्या तर, साधारण २०० मध्ये १. औषधाने कळा आणल्या किंवा वाढवल्या तर तो दुप्पट-तिप्पट होतो. हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हा प्रयत्न करायचा तर जिथे थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी आहे अशाच ठिकाणी.

दुसऱ्या पारड्यातही वजन होतं. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये टाका उसवण्याचा धोका जवळपास नसतो, तारीख माहीत असते, धावपळ नसते. ते ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात, कारण त्याआधी केलं तर बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण वाढतं. मात्र प्रत्येक सिझेरियननंतर पोटात चिकटलेले भाग वाढतात, आणि पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यावर रुजण्याची भीती वाढते. आम्हाला तिसरं नको होतं, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी तितका जड नव्हता.

नवऱ्याने ६४ ऐकलं आणि त्याला ३६ ऐकू आलं. "म्हणजे शंभरातल्या छत्तीस जणी पुन्हा तिथेच," तो गाडीत म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. सगळ्यात जास्त गुंतागुंत होते ती ठरवून केलेल्या सिझेरियनमध्येही नाही आणि यशस्वी नैसर्गिक प्रसूतीतही नाही. कळा घेऊन, थकून, शेवटी घाईत कराव्या लागलेल्या सिझेरियनमध्ये होते. आम्ही नेमके तिथूनच आलो होतो. तो म्हणायचा, तारीख घेऊ आणि मोकळे होऊ. मला ऑपरेशनची तशी भीती नव्हती. टेबलावर झोपल्यावर पुन्हा सगळे माझ्या अंगावरून बोलतील, याची होती, मग ते ठरवून असो की घाईत.

हा गुंता मॅडमच्या एका प्रश्नाने सुटला. पहिल्या वेळी सिझेरियन आणखी आधीच्या टप्प्यावर झालं असतं, तर तुम्हाला इतका त्रास झाला असता का? दोघांनीही विचार न करता नाही म्हटलं. अडकलेलं डोकं, निसटलेला कप, फाटलेला छेद, हे सगळं शेवटच्या टप्प्यात घडलं होतं. तोंड सहा-सात सेंटिमीटर उघडलेलं आणि बाळाचे ठोके उत्तम असताना, शांतपणे घेतलेला निर्णय आणि ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणजे कळा घ्यायच्या, पण कुठे थांबायचं हे आधी ठरवून. मग नवराही तयार झाला. पूर्ण नाही, पण तयार.

त्यानंतर दिवस गेले. मधलं अंतर तीन वर्षांच्या वर होतं, हेही बरं झालं. दोन प्रसूतींमध्ये दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर टाक्याचा धोका वाढतो. सुरुवातीचे महिने सरळ गेले. मॅडमनी हिमोग्लोबिनवर मात्र करडी नजर ठेवली, कारण पहिल्या वेळी रक्तस्राव जास्त झाला होता. लोहाच्या गोळ्यांनी पोटाचे जे हाल झाले ते इथे सांगत नाही. विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत माझं सगळं लक्ष वारेकडे होतं. ती मागच्या भिंतीला, वर होती. खाली, पुढच्या बाजूला, जुन्या टाक्यावर असती तर बेतच धोक्यात आला असता, कारण टाक्यात रुजलेली वार प्रसूतीनंतर सुटून येत नाही आणि भयंकर रक्तस्राव होतो. एका मैत्रिणीने टाक्याची जाडी मोजून घे असं डोक्यात भरवलं होतं. ती सोनोग्राफीत मोजता येते, पण इतके मिलिमीटर म्हणजे सुरक्षित असा सर्वांना मान्य आकडा नाही, असं मॅडमनी सांगितलं, आणि मी त्या विषयाचा नाद सोडला.

सातव्या महिन्यात, प्रसूतीत काय करायचं आणि काय नाही, याचा कागद लिहायला घेतला. माझा पहिला मसुदा चार पानी होता. दिवे मंद हवेत, कुणी मोठ्याने बोलू नये, असलं बरंच काही त्यात होतं. मॅडमनी वाचला, पेन घेतलं आणि निम्म्याहून जास्त खोडलं. "रात्री तीन वाजता ड्यूटीवरचा माणूस चार पानं वाचत नसतो. एक पान, मोठ्या अक्षरात. आणि मी त्या दिवशी नसेन असं धरूनच लिहा." हा शेवटचा मुद्दा फार कामाचा निघाला.

एका पानावर उरलं ते असं. सगळ्यात वर: पहिलं सिझेरियन, खालचा आडवा छेद, डावीकडे फाटलेला, कारण बाळाची दिशा. त्याखाली, तपासण्याआधी सांगा, कळ चालू असताना तपासू नका, काय आढळलं ते आधी मला सांगा. कळा आणण्यासाठी औषध नको; ४१ आठवड्यांपर्यंत वाट पाहू, नाही आल्या तर सिझेरियन, त्याची तारीख आधीच घेऊन ठेवली होती. (मिसोप्रोस्टॉल तर सिझेरियन झालेल्या बाईला मुदतीच्या कळा आणायला देतच नाहीत. फुग्याच्या नळीचा पर्याय होता, तो मीच नको म्हटला.) एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करायला पाठीतून देतात ती भूल, मागितलं की द्यावं. त्याने टाका उसवल्याची वेदना झाकली जाते असा समज आहे, पण एपिड्युरलला मनाई नाही. पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते, म्हणून ठोके टिपणारा पट्टा पोटावर सतत लावलेला असतो. मात्र चांगलं लागू झालेलं एपिड्युरल असूनही एकाएकी जास्त औषध लागायला लागलं, तर सावध व्हायचं.

मग थांबण्याच्या जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार कळांचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, आणि तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब प्रत्येकीला लावू नये असं त्या सांगतात. त्यामुळे पाचच्या आत कुणी "पुढे सरकत नाही" म्हणायचं नाही. पाचनंतर चार चार तासांनी तपासणी. काहीच फरक नसेल तर वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः येऊन बोलायचं. ड्रिप त्यांनी बघितल्याशिवाय लावायची नाही. तोंड पूर्ण उघडलं आणि डोकं उतरलं नाही तर व्हॅक्यूम नाही, सरळ थिएटर.

या शेवटच्या ओळीवर मॅडम अडल्या. डोकं वर असताना व्हॅक्यूम नको, हे त्यांना मान्य होतं. पण डोकं अगदी दाराशी असेल आणि ठोके पडले, तर त्या क्षणी दोन मिनिटांचा व्हॅक्यूम हा थिएटरपेक्षा सुरक्षित. "तिथे तुम्ही माझे हात बांधू नका." मला ते पटायला वेळ लागला, कप निसटल्याचा आवाज अजून कानात होता. पण ओळ बदलली. तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्या डॉक्टरपेक्षा एखाद्या वाक्याला आडवा येणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

सोबत कोण, यावरही बोलणं झालं. प्रसूतीत विश्वासातलं माणूस सतत जवळ असलं तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं आणि कळांचा काळ थोडा कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. नवऱ्याने स्वतःच सांगितलं, ताईला घे. त्याला पुन्हा ते दार नको होतं, आणि थोरलीजवळ कुणीतरी हवंच होतं. ताईला मी कागद पाठ करायला लावला. ती वैतागली, पण तिने केला.

कळा ठरलेल्या तारखेच्या काही दिवस आधी, पहाटे, आपणहून सुरू झाल्या. पहिली गोष्ट मनात आली ती ही की पोटात आहेत, कमरेत नाहीत. टाका असल्यामुळे घरी फार वेळ काढायचा नाही असं ठरलं होतं, नियमित झाल्याबरोबर निघालो. दाखल झाल्यावर हातात सुई, रक्ताचा नमुना, पोटावर दोन पट्टे. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. अर्थातच.

सिस्टरनी कागद वाचला, घडी घालून फाइलच्या पहिल्या पानाला टाचला, आणि म्हणाल्या, "आता तपासू का? ही कळ जाऊ दे, मग." मी मान डोलावली आणि मला इतकं रडू आलं की ताई घाबरली. चार सेंटिमीटर. दुपारपर्यंत सहा सेंटिमीटर. तेव्हा एपिड्युरल मागितलं, तर भूलतज्ज्ञ थिएटरमध्ये अडकलेले. हे आमच्या कागदात नव्हतं. पट्ट्यांच्या वायरींमुळे फार हलताही येत नव्हतं. पलंगाच्या कडेला उभी राहून, ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून कळा काढल्या. तिला काय काय बोलले ते तिने नंतर मोठ्या आनंदाने सगळ्यांना सांगितलं. पट्टा सारखा सरकायचा, ठोके गायब व्हायचे, सिस्टर धावत यायच्या, पट्टा पुन्हा बसवायच्या. प्रत्येक वेळी माझा जीव वर. सतत मॉनिटरिंगचं हे कुणी सांगत नाही, की निम्मा वेळ यंत्र काही शोधत असतं आणि आपण श्वास धरून बसलेलो असतो.

एपिड्युरल लागलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुढच्या तपासणीत सात. चार तासांत एक. कळाही विरळ झाल्या होत्या. निवासी डॉक्टर मुलगी तरुण होती, ती म्हणाली थोडी ड्रिप सुरू करू या. मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "कागदात बघा, वरिष्ठांना बोलवायचंय." त्या मुलीचा चेहरा जरा पडला, पण तिने फोन केला.

आले ते डॉक्टर मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. स्टूल ओढून बसले. फाइल वाचली, आलेख मागे सरकवून पाहिला, मग पोटाला हात लावून दोन कळा घड्याळावर मोजल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ छान आहे. डोकं मागच्या वेळसारखं नाही, बाजूला बघतंय, वळेल. कळा मंदावल्यात. तीन रस्ते आहेत. कमी मात्रेत ड्रिप, त्यात टाक्याचा धोका थोडा वाढतो. दोन तास थांबून पुन्हा बघणं. किंवा आत्ता सिझेरियन, तेही चुकीचं ठरणार नाही. तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं, तुम्ही काय कराल? "थांबेन. पण दोनच तास." आम्ही थांबलो. नवऱ्याला फोन केला, तो पलीकडे बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला विचारलं ना त्यांनी? मग ठीक आहे."

दोन तासांनी नऊ. त्यानंतर वेग आला. तोंड पूर्ण उघडल्यावर एपिड्युरल असल्यामुळे लगेच जोर लावायला सांगितलं नाही, डोकं आपणहून उतरू दिलं. जोर लावण्याचा भाग मला नीट आठवतो, कारण प्रत्येक वेळी डोकं किती पुढे आलं ते सिस्टर सांगत होत्या, आणि मध्येच ते मागे जातं तेही नेहमीचंच असतं हेही. व्हॅक्यूमची ट्रॉली कोपऱ्यात होती, तिच्याकडे माझं लक्ष सारखं जात होतं. ती लागली नाही. मुलगा झाला.

जग जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. दातावर दात आपटतील इतकी थंडी वाजत होती, जी प्रसूतीनंतर बऱ्याच जणींना वाजते. आणि मग रक्तस्राव थांबेना. वार पूर्ण आली होती, टाका शाबूत होता, पण गर्भाशय नीट आवळत नव्हतं. पोटावर जोरात चोळणं, इंजेक्शनं, आणखी एक सलाइन, खोलीत अचानक माणसं. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गेलं की रक्तस्राव जास्त धरतात. माझा त्याच्या पुढे गेला. आमच्या कागदावर बाळ बाहेर येईपर्यंतचं सगळं होतं, त्यानंतरचं एक अक्षर नव्हतं. पण ते स्टूलवाले डॉक्टर हात चालू ठेवून बोलत होते: आता हे इंजेक्शन देतोय, आता दुखेल, आता कमी होतंय. थोड्या वेळात आटोक्यात आलं. खाली फाटलं होतं, त्याला टाके पडले, तेही सांगून. तो हिमोग्लोबिनचा हट्ट आणि त्या नकोशा गोळ्या कशासाठी होत्या ते दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टवरून कळलं: कमी झालं होतं, पण रक्त चढवावं लागलं नाही.

कुणीही सावध न केलेली गोष्ट म्हणजे नंतरच्या कळा. बाळ पाजायला घेतलं की गर्भाशय असं आवळायचं की मी पलंगाची कड धरायची. मला वाटलं टाका उसवला. सिस्टर हसल्या. दुसऱ्या खेपेला हे जास्त होतं, पाजताना ऑक्सिटोसिन स्रवतं त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, वेदनाशामक घ्या, दोन-तीन दिवसांत जाईल. गेलं.

सहाव्या आठवड्यात मॅडमना दाखवायला गेले. त्या दिवशी रजेवर होत्या म्हणून त्यांनी आधी दिलगिरी व्यक्त केली, मग फाइल वाचली आणि ड्रिपऐवजी दोन तास थांबल्याच्या नोंदीपाशी थांबून "मीही हेच केलं असतं" म्हणाल्या. बरोबर नवरा होता. त्याने त्यांना विचारलं, न थांबता तेव्हाच सिझेरियन केलं असतं तर रक्तस्राव टळला असता का? सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, सिझेरियनमध्येही तो होऊ शकतो. त्याला हे उत्तर फारसं आवडलं नाही. खालचे टाके भरलेत. खोकला आला की अजून पाय आवळून धरावे लागतात, त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, ते दिवसातून तीनदा करायचे असतात आणि माझ्याकडून दोनदाच होतात.